पाहण्यासारखी घळ

६ फेब्रुवारी, सकाळ
शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो,
आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपल्यासाठी सरकारी योजना आहेत, हे आपल्याला उठता-बसता सांगितलं जातं. त्या नेमक्या कुठे ठेवल्या आहेत, हे मात्र कुणी सांगत नाही.
(ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. पण समोर सभा बसली आहे असं धरल्याशिवाय माझा हात चालत नाही. कुणाला तंबाखू लागते, मला श्रोते लागतात.)
आज निमित्त घडलं ते घळीचं. शेताच्या उताराला पूर्वी पाण्याने पडलेली एक चीर होती, पाऊल मावेल एवढी. आता तिच्यात वासरू उतरलं तर शेपटीचं टोक दिसणार नाही. दर पावसाला ती वरच्या अंगाने शेत खाते, आणि तिचं तोंड सरळ विहिरीकडे आहे. बायको म्हणाली, मोठा पाऊस आला की घळ विहिरीला भिडेल. घराचं पाणी तेच, शेताचं पाणी तेच. माती अडवायला सरकार मदत देतं म्हणे, ती शोधा.
शोधतो. महिनाभरात जिल्ह्यातली एकूण एक योजना शोधून काढतो. एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी.

७ फेब्रुवारी
पहाटेच उठलो. झोप लागत नाही, डोक्यात वाक्यं येतात.
अर्जाला हात घातला. आधी प्रस्तावना. मातीची उपेक्षा करणारी साम्राज्यं कशी धुळीला मिळाली, इथून सुरुवात केली. दुपारपर्यंत तिसऱ्या साम्राज्यापर्यंत आलो.
बायकोने विचारलं, हे कोणत्या ऑफिसला द्यायचंय. म्हटलं, आधी भूमिका स्पष्ट हवी. ती म्हणाली, घळीला भूमिका नाही, तोंड आहे.
चांगलं वाक्य. भाषणात वापरेन. तिचं म्हणून सांगायची गरज नाही.

९ फेब्रुवारी
शहरात असलेल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, सगळं वेबसाइटवर आहे, जिल्हा निवडा की याद्या येतात.
वेबसाइट उघडली. वर एका शेतकऱ्याचा फोटो. हातात टोपली, चेहऱ्यावर हसू, कपड्यांना इस्त्री. असा शेतकरी मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. इथेच मन उडालं.
पुढे प्रश्न: आपण कोण आहात? उत्पादक, जमीनधारक, इतर. मी बराच वेळ फेऱ्या मारल्या. उत्पादक म्हणजे कारखाना झाला. जमीनधारक म्हणावं तर जमीन कुणाचीच नसते, आपण तिचे असतो. तत्त्व म्हणून 'इतर' निवडलं. वेबसाइटने मला शोभेच्या माशांच्या पैदाशीची माहिती दिली.
मुलीला पुन्हा फोन. जमीनधारकवर क्लिक करा म्हणाली. मी तिला माझा आक्षेप मुळापासून समजावून सांगितला. मध्येच तिची मीटिंग सुरू झाली. तिच्या मीटिंग नेहमी माझ्या दुसऱ्या मुद्द्यालाच सुरू होतात.

१२ फेब्रुवारी
जिल्हा ऑफिसवर धडक.
निवांतला बरोबर नेलं. निवांत म्हणजे शेजारचा शेतकरी, शाळेपासूनचा मित्र. खरं नाव त्याच्या आईलाही आठवून सांगावं लागतं. त्याच्याही शेतात घळ आहे, आमच्याहून मोठी. तिच्यात एक मोडकी खाट पडली आहे, तीही त्याने काढलेली नाही. असा माणूस. पण साक्षीदार म्हणून बरा. तो मला सभापती म्हणतो. गावात बरेच जण म्हणतात. मी कधी कुठला सभापती नव्हतो, पण लोक भावनेने मान देतात तेव्हा आपण कोण नाही म्हणणारे.
खालच्या मजल्यावर शेती खातं. खिडकीतला माणूस म्हणाला, घळ म्हणजे पाण्याचं काम, वर जा. वर पाणी खातं. तिथे म्हणाले, पाण्याने माती नेली ना, मग झाडं लावायला हवीत, वन खात्याकडे जा. वन खात्याने सांगितलं, जमीन शेतीची आहे, खाली जा. खाली आलो तर पहिला माणूस जेवायला गेलेला.
पृथ्वी गोल आहे हे मी पूर्वी फक्त वाचलं होतं.
राहवलं नाही. जिन्यापाशी पायरीवर चढलो आणि बोललो. दोन पिढ्यांचा राग होता, मोकळा झाला. चांगली गर्दी जमली. नंतर कळलं की टोकन पुकारणारी बाई माझ्या मागे उभी होती आणि लोक तिच्याकडे पाहत होते. तरी माझ्या दिशेने पाहत होते, हे महत्त्वाचं.
भाषण संपलं तर निवांत गायब. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत सापडला, पंख्याखाली खुर्चीत. अख्ख्या इमारतीत रिकामी खुर्ची तेवढी एकच होती आणि त्याने ती हुंगून काढली होती. समोर टेबलाशी गमबूट घातलेली एक तरुण मॅडम बसली होती. ती त्याला विचारत होती, तो सांगत होता, ती लिहीत होती. मॅडम मलाही म्हणाल्या, बसा काका. म्हटलं, मी उभ्यानेच बोलतो. निवांतला दंडाला धरून बाहेर काढलं. तो म्हणाला, थांब रे, सहीच राहिली आहे. कसली सही ते विचारायला मी रिकामा नव्हतो. तो परत आत जाऊन करून आला.
जाताना दारावर पाटी दिसली: माती व पाणी संधारण. अक्षरं बारीक होती. निवांत म्हणतो हाताएवढी होती.

१३ फेब्रुवारी
ठराव: उद्या त्या खोलीत जाऊन अर्ज देणे.

१४ फेब्रुवारी
गेलो नाही. रिकाम्या हाताने काय जायचं. आधी निवेदन तयार हवं.

१७ फेब्रुवारी
निवेदन वाढतंय. विषय मोठा आहे, मी काय करू. बसून लिहिता येत नाही म्हणून चालत बोलतो आणि मग लिहायला बसतो, तोवर विसरतो. अंगणात माझ्या फेऱ्यांची पायवाट पडली आहे. बायको म्हणाली, इथेही एक घळ होईल.

२१ फेब्रुवारी
बायको सकाळी बसने जिल्ह्याला गेली आणि जेवायला परत. अर्ज देऊन आली. त्याच मॅडम होत्या म्हणे. पुढच्या महिन्यात जागा पाहायला स्वतः येणार.
माझ्या त्या भाषणाचा परिणाम, दुसरं काय. यंत्रणा हलली की अशी हलते. आधी पायरीवरून गर्जना लागते, मग टेबलावरून कागद सरकतो.
ही आणखी काहीतरी सांगत होती. मॅडम म्हणाल्या की पाहणी होईपर्यंत, असं काहीतरी. पण मी तोवर उठून फेऱ्या मारायला लागलो होतो. स्वागताचं भाषण सुचत होतं.

१० मार्च
बायको धाकट्या बहिणीकडे गेली, बाळंतपणाला. मॅडम येऊन गेल्यावरच परतेल. निघताना गाडीच्या खिडकीतून म्हणाली, काही करू नका. नेहमीचंच. गॅसला हात लावू नका, कपाट आवरू नका, काही करू नका.
काहीच न करता बसणं माझ्या रक्तात नाही.

११ मार्च, दुपार
शेतावर चक्कर. मॅडमच्या डोळ्यांनी पाहिलं आणि लाज वाटली.
ती घळ. आ वासलेली. कडेला गवत माजलेलं, तळाशी चिखल, मधे मुळं लोंबतायत. सरकारचा माणूस दारात येणार आणि आपण त्याला हे दाखवणार? घरात पाहुणे यायचे असले की आपण मळकी चादर आत टाकतो, पलंगाखालचे बूट हलवतो, पोरांची तोंडं धुतो. शेत काय घराहून वेगळं आहे?
शिवाय तत्त्वाचा मुद्दा. सरकार मदत कुणाला देईल? लायक माणसाला. लायक शेतकरी कशावरून ओळखायचा? शेतावरून. ज्याला स्वतःची जमीन नीट ठेवता येत नाही त्याच्या हातात कोण मदत ठेवेल.
हा विचार याआधी कुणालाच कसा सुचला नाही याचं आश्चर्य वाटतं.

१३ मार्च
ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. तो घळीपाशी उभा राहिला, टोपी काढली, परत घातली. म्हणाला, भाऊ, नक्की बुजवायची? म्हटलं, नक्की. शेताच्या वरच्या पट्टीची माती ओढून आत ढकलायला लावली. मध्येच थांबून त्याने पुन्हा विचारलं, वहिनींना माहीत आहे ना. माझ्या शेतावर माझ्या बायकोचं नाव काढणारे लोक मला आवडत नाहीत.
संध्याकाळपर्यंत घळ बुजली. रूळ फिरवला. वर मातीसकट कापलेल्या गवताच्या चकत्या लावल्या, एकीला एक लावून. वर्षानुवर्षं जे खात्यांना जमलं नाही ते एका ट्रॅक्टरने आणि एका निश्चयाने झालं.

१४ मार्च
निवांत पाहायला आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला.
"सभापती, घळ कुठाय?"
"मिटवली."
तो बांधावर बसला. हनुवटी खाजवली. मग म्हणाला, मॅडम येणार त्या घळच पाहायला ना? त्यांना ती आधी पाहू द्यायची होतीस.
म्हटलं, आळस झाकायला माणूस तर्कशास्त्र शिकतो. तू आधी तुझी खाट काढ. तो म्हणाला, खाट राहू दे, किती खोल आहे ते कळतं तिच्यावरून.
या माणसाचं कसं व्हायचं. त्याच्याकडेही मॅडम त्याच दिवशी येणार आहेत. जिल्हा ऑफिसात ती सही केली होती म्हणे, ती अर्जावरची होती. ज्याने आयुष्यात एक ठराव केला नाही त्याचा अर्ज आमच्या आधी गेलेला. मला त्याची काळजी वाटते. शेजारी-शेजारी तुलना होणार, आणि वाईट त्याचंच होणार.

१८ मार्च, सकाळ
आज. दगडांना चुना लावला. टेबल, टेबलावर चादर, पाण्याचा तांब्या. भाषण पाठ.

१८ मार्च, संध्याकाळ
मॅडम आल्या. गमबूट, खांद्यावर कॅमेरा, हातात मोजपट्टीची काठी. भाषण उभ्यानेच ऐकून घेतलं. मध्ये दोनदा मागे वळून उताराकडे पाहिलं. संपल्यावर विचारलं, घळ कोणत्या बाजूला आहे.
आपण उभ्या आहात तिथेच, असं मी म्हणालो. मोठ्या अभिमानाने म्हणालो.
त्यांनी पायाखाली पाहिलं. गवताची एक चकती बुटाच्या टोकाने उचलली. खाली हात घालून माती चिमटीत धरली. कधी बुजवली ते विचारलं. मी सांगितलं. मग काठी मिटली.
"काका, मला जे दिसतं तेच मी लिहू शकते. आणि मला इथे सपाट, सुंदर जमीन दिसतेय."
सुंदर. हा त्यांचा शब्द. सरकारी माणसाच्या तोंडून. मी लगेच टिपून ठेवला.
पुढे त्या निवांतकडे गेल्या. मी बांधावरून पाहत होतो. त्या घळीत उतरल्या. काठी उभी धरली, आडवी धरली. चारही बाजूंनी फोटो काढले. खाटेचाही काढला. अंधार पडेपर्यंत तिथेच होत्या. निवांत वर बसून चहा पीत होता.
बिचारा. एवढे फोटो म्हणजे प्रकरण वरपर्यंत जाणार.

२३ मार्च
बायको परतली. पिशवी ओट्यावर ठेवून सरळ शेतावर गेली. मी मागून समजावत होतो. लायकी, तत्त्व, चादर, बूट, सगळं. ती उताराच्या कडेला उभी राहिली. तिने चकतीवर पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत आत गेला.
"मॅडमनी मला एकच गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "आहे तसं राहू द्या. तेवढंच मी तुम्हाला सांगत होते."
मग वरच्या पट्टीकडे पाहिलं, जिथली माती ओरबाडली होती. तशीच घराकडे वळली. ती भांडली असती तर मला उत्तरं होती.

२ एप्रिल
पत्र आलं. 'पाहणीच्या वेळी जागेवर जमिनीची धूप आढळली नाही. सबब अर्ज अपात्र.'
याचा अर्थ सरळ आहे. धूप आढळली नाही हे सरकारने लेखी कबूल केलं. म्हणजे माझं काम शंभर टक्के यशस्वी. यशाची शिक्षा देणारी व्यवस्था, हा पुढच्या भाषणाचा विषय.
निवांतचा अर्ज मंजूर. दगडी बांध, काठाने झाडं. बहुतेक खर्च सरकारचा. तो सांगायला आला तेव्हा चेहरा पाडून आला होता. मी त्याचं अभिनंदन केलं आणि अन्यायाच्या इतिहासावर थोडं बोललो. तो नंतर ही आत काय करतेय म्हणून उठून गेला. दोघं मागच्या दारी काहीतरी बोलत होती.

३ एप्रिल
ठराव: मोर्चा. जिल्हा ऑफिसवर. गावातून निदान शंभर माणसं.

५ एप्रिल
मोर्चाला येतो म्हणणारे: मी. ट्रॅक्टरवाला म्हणाला, येतो, पण घोषणा कसली द्यायची, घळ परत द्या?

२० एप्रिल
बायको रोज संध्याकाळी एकटी उतारावर जाते. विहिरीच्या वरच्या अंगाला दगड रचते, फांद्या दाबते. मी म्हटलं, अपील करतोय, थांब. ती म्हणाली, पाऊस अपील वाचून येत नाही.
मीही दोन दगड उचलले. पाठ धरली. विचार करण्याचं काम उभ्याने करता येतं, एवढं बरं.

१४ मे
अपिलाचा मसुदा, चौथा. पहिली तीन साम्राज्यं काढून टाकली. विषय तातडीचा आहे.

२९ मे, दुपार
आभाळ काळं. पत्र्यावर टपटप सुरू झाली. बायको बादल्या आत घेत होती. मी खिडकीशी उभा राहून म्हणालो, भरलेली माती आता चांगली बसेल.

२९ मे, संध्याकाळ
बसली नाही.
पाऊस फार वेळ पडला नाही. आधी गवताच्या चकत्या निघाल्या. एकेक सुटी होऊन चालती झाली, जेवण आटोपलेल्या पाहुण्यांसारखी. मग भरलेली माती गेली. मग वरच्या पट्टीची. चुना लावलेले दगड गेले. बायकोने रचलेले दगड बराच वेळ टिकले. ती छत्रीशिवाय त्यांच्यापाशी उभी होती आणि मी तिला मागे ये म्हणून ओरडत होतो. मग ते एकदम गेले आणि त्यांच्यामागोमाग विहिरीची एक बाजू आत बसली. आवाज फार मोठा नव्हता. कुणीतरी खोल श्वास सोडावा तसा.
निवांतच्या शेतात बांध अर्धाच झाला आहे. पाणी त्याच्यापाशी येऊन थांबलं.

३० मे
विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं. बायको कॅन घेऊन निवांतच्या विहिरीवर गेली. मी जातो म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही तिथे बोलत बसाल.
दिवसभर फेऱ्या मारल्या नाहीत. मारायला अंगण राहिलं नाही, चिखल आहे.

३ जून
मॅडमचा फोन आला, हिला. मी शेजारी उभा होतो. त्या म्हणाल्या, नवा अर्ज करा, आता जे आहे ते मोजता येईल. या हंगामात काम होणार नाही, पुढच्या वर्षी. विहीर त्यात बसत नाही, ती वेगळी, तिला या खात्यात काही नाही.
फोन ठेवल्यावर हिने मला विचारलं नाही. सरळ अर्ज लिहिला. पंधरा ओळींचा. एकही साम्राज्य नाही.

११ जून
गावच्या हॉलमध्ये ऑफिसची माहिती सभा. कुणाला कोणती मदत मिळते, अर्ज कुठे द्यायचा, सगळं. हॉल भरलेला. मॅडम पुढे. निवांत खुर्चीत, आणखी कुठे असणार. बायको शेवटच्या रांगेत, पायाशी दोन रिकामे कॅन, परत जाताना भरायचे म्हणून.
रिवाजाप्रमाणे मला दोन शब्द बोलायला बोलावलं. माझ्या खिशात तासाभराचं भाषण होतं. व्यवस्था, इतिहास, यशाची शिक्षा, सगळं तयार. घसाही साफ होता.
उभा राहिलो. तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला हळूच सांगत होता, आमच्याकडे पुढच्या आठवड्यात पाहणी आहे, तोवर जरा नीटनेटकं करून घेतो.
खिशातला हात खिशातच राहिला. एकच वाक्य बोललो आणि बसलो. टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना वाटलं ही प्रस्तावना आहे, ते वाट पाहत राहिले. एकाने तर आपली खुर्ची जरा आरामात सरकवून घेतली. शेवटच्या रांगेतून ही माझ्याकडे पाहत होती.
मग परत उठलो आणि तेच पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने:
शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, मॅडम येऊन पाहून जाईपर्यंत आपल्या घळीला हात लावू नका.